टाकी भरल्याची नोंद

प्रिय स्लावा,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने उमटला. खोडत नाही. वैमानिक शाळेतून सुट्टीवर गेलो की तुला पत्र टाकायचो, तेव्हापासून साठ वर्षं असंच लिहीत आलोय. यापुढे लिहिणार नाही, त्यामुळे शेवटच्या पत्रात खाडाखोड कशाला?

तुझी पुस्तिका इर्कुत्स्कला माझ्याकडे पोचली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर बर्फाच्या धावपट्टीत उभं असलेलं आपलं दोन इंजिनांचं इल्यूशिन विमान, आणि नाव 'सोविएत विमानविद्येचं सुवर्णयुग'. आत निमंत्रण होतं: विमानदिनी मॉस्कोत माजी वैमानिकांच्या सभागृहात तुझं व्याख्यान. 'वेन्या, तू पहिल्या रांगेत हवास,' असं शाईने लिहिलंयस. अक्षर अजून सुरेख आहे तुझं. सह्या करणाऱ्या माणसाचं असावं तसं.

एका बैठकीत वाचून काढली. विमानांबद्दल लिहिलंयस ते खरं आहे. चिखलात उतरायची, नदीच्या गोठलेल्या पात्रावरून उडायची, आणि उणे पन्नासात इंजिनावर रजया टाकून, खाली शेगडी पेटवून ठेवली की सकाळी खोकत का होईना, सुरू व्हायची. पण तुझ्या ऐंशी पानांत एकही माणूस खोटं बोलत नाही, भीत नाही, पीत नाही. महिनाअखेरीला उड्डाणं कमी पडली की आपल्याकडे कागदावर ढग कसे आपोआप वर सरकायचे, ते विसरलास? हवामानवाली बिचारी रडवेली व्हायची आणि तू म्हणायचास, "बाई, तुमचा ढग मोठा की पक्षाची योजना?" सगळे हसायचे. मीही हसायचो. ढग जिथल्या तिथेच असायचा.

आणि मग पान सत्तेचाळीस. 'ग्लेब मेझेन्त्सेव धाडसी होता, पण बेफिकीर. बर्फ वितळवायची यंत्रणा त्याने वेळेवर सुरू केली असती, तर चौघेही आज आपल्यात असते.' मेलेल्या माणसाला तू चाळीस वर्षांनी पुन्हा एकदा मारलंस, स्लावा, आणि तेही रंगीत छपाईत.

शहात्तरचा सप्टेंबर. तू उस्त-तोर्मातल्या आपल्या तुकडीचा प्रमुख, आणि मी त्या आठवड्यात उड्डाणनियंत्रक, कारण कान फुटल्यामुळे डॉक्टरने मला जमिनीवर बसवलं होतं. वरून तपासणीचे साहेब आले होते. त्यांच्यासाठी तू दुपारी जेवण ठेवलंस: गोठलेल्या माशाचे काप, लोणच्यातल्या काकड्या, राईचा पाव. दुकानातली व्होडका संपली तेव्हा तू तंत्रज्ञाला डोळ्याने खुणावलंस. बर्फ चढू नये म्हणून पंख्यांच्या पात्यांवर शिंपडायचं स्पिरिट त्याने ग्लेबच्या विमानाच्या टाकीतून काढून आणलं. कुठून आलं ते मला ठाऊक होतं. तरी मी तीन पेले घेतले. साहेबांनी 'उत्तरेच्या शूर गरुडांसाठी' म्हणून पेला उंचावला आणि आपण उभे राहून प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेब बटाटे, कांदे आणि टपाल घेऊन किनाऱ्यावरच्या वस्तीकडे निघाला. पारा शून्याच्या आसपास आणि ओले ढग. सप्टेंबरची ती हवा कडाक्याच्या थंडीपेक्षा वाईट, हे तुला मी सांगायला नको. मी तुला विचारलं, "स्पिरिट पुन्हा भरलं ना?" तू म्हणालास, "भरलंय रे बाबा, लिही." मी नोंदवहीत लिहिलं, 'टाकी भरली आहे.' बाहेर जाऊन झाकण उघडून पाहायचं होतं, फक्त पन्नास पावलांवर. पाऊस भुरभुरत होता आणि माझं डोकं दुखत होतं. टाकीच्या मापाचा काटा उन्हाळ्यापासून बंद पडलेला. ग्लेबकडे माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्याने जाता जाता माझ्या खोलीच्या खिडकीतून डोकावून विचारलं, "वेन्यामिन फोमिच, सगळं ठीक?" मी अंगठा वर केला.

पन्नास मिनिटांनी तो रेडिओवर आला. "पात्यांवर बर्फ चढतोय. स्पिरिट सोडलं, काही येत नाहीये." मग थोड्या वेळाने, "पुन्हा सोडलं. कोरडं आहे. काय भरलंयत रे तुम्ही?" आवाज चढला नव्हता. मागे वळतो म्हणाला. त्यानंतर मी अर्धा तास हाका मारत राहिलो. तू माझ्यामागे उभा होतास, स्लावा. तू सगळं ऐकलंस.

आणि तू दार लावून घेतलंस. "ध्वनिमुद्रण नाही. नोंदवही तुझ्या हातात आहे. लिही, यंत्रणा उशिरा सुरू केली." मी म्हटलं, त्याची बायको आहे, सहा वर्षांची मुलगी आहे. तू म्हणालास, "तुलाही आहेत ना पोरं?" मी लिहिलं. दोन वर्षांनी माझी मोठ्या जेट विमानांवर बदली झाली. शिफारस तुझी होती. वीस वर्षं मी मॉस्कोचे प्रवासी नेले आणि उतरल्यावर लोक टाळ्या वाजवायचे. तिकडे उस्त-तोर्मात स्मारकाच्या दगडावर तीन नावं कोरली गेली. कप्तान दोषी ठरला, म्हणून चौथं नाही.

तुझी पुस्तिका वाचली आणि आज सकाळी मी उस्त-तोर्माला आलो, ग्लेबच्या बायकोकडे, अग्नियाकडे. ती मासे साफ करत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तीन पेल्यांसकट. सुरी चालूच होती. रेडिओपर्यंत आलो तेव्हा थांबली.

"म्हणजे त्याने सुरू केलं होतं?"

"हो. दोनदा."

तिने हात पुसले. मग म्हणाली, "चाळीस वर्षं मी लिदाला सांगत आले, तुझ्या बापाला नको तिथे घाई. घरी आमचा विचार न करता मेला, असं म्हणायचे मी. मी त्याच्या नावाने मेणबत्तीसुद्धा रागाने लावली हो!" मी तोंड उघडलं तशी ती उसळली, "माफी मागू नका! माझ्या घरात तो शब्द नको. बसा आणि लिहा त्याला. माझ्या डोळ्यांसमोर."

तेव्हा हे पत्र मी अग्नियाच्या टेबलावर बसून लिहितोय. ती समोर आहे. प्रत्येक पान झालं की ओढून घेते, वाचते, परत देते. दोन ठिकाणी मी स्वतःला सांभाळून लिहिलं होतं, ते तिने फाडायला लावलं. पत्र टपालाने येणार नाही. विमानदिनी, तू व्यासपीठावर चढायच्या आधी, सेहेचाळीस वर्षांची एक बाई ते तुझ्या हातात ठेवेल. ती लिदा. तुझं वाचून होईपर्यंत ती तिथेच थांबेल. दुसरी प्रत माझ्या सहीने तिच्या पर्समध्ये असेल. सभागृहासमोर हे तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर ती मुकाट्याने ऐकून निघून जाईल. नाही सांगितलंस तर ती मोठ्याने वाचेल. मी पहिल्या रांगेत असेन, तू सांगितलंस तसाच, आणि तिचं वाचून झालं की उभा राहून म्हणेन, हो, हे खरं आहे, मीच लिहिलंय.

तुझाच साथीदार,
वेन्यामिन