ड्रमाची मूठ कुठल्या उंचीवर असावी

नागाओका, ऑक्टोबरची अखेर

तीर्थरूप तात्सुएताई यांना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. गुडघे कुरकुरत होते तरी पूर्ण वाकून केला आहे, तो गोड मानून घ्यावा.

आपल्या खुब्याचं दुखणं आता कसं आहे? तुमची धाकटी बहीण किनुए फोनवर सांगत होती की तुम्ही काठी केव्हाच सोडलीत, शिडीवर चढून पर्सिमन उतरवता आणि वर बसून गाणीही म्हणता. ऐकून फार आनंद झाला. (आमची मंडळी वसंतात सादो बेटाची बोट धरून निघाली ती त्या खुब्याच्या सेवेसाठी. आता सेवेकरी तिथेच आणि खुबा शिडीवर! पण आनंद झाला हे खरंच.) इकडे डोंगराची टोकं पांढरी दिसायला लागली आहेत. बर्फाच्या भारानं मोडू नयेत म्हणून गल्लीत जो तो झाडांच्या फांद्या दोऱ्यांनी बांधून घेतोय. एकदा बर्फ पडलं की बोटींचा काही भरवसा नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं! मी खुशाल आहे. जेवतो, झोपतो, कचरा ठरल्या वारी ठरल्या पिशवीतच टाकतो. माझी काळजी नसावी. हे पत्र निव्वळ बागेतल्या एका यंत्रासंबंधी आहे. दुसरा काही हेतू असेल अशी शंका मनात आणू नये.

तर यंत्र म्हणजे कंपोस्टचा फिरता ड्रम. आमच्या परसात मुळ्याच्या वाफ्यामागे किनुएचा बिनबुडाचा हिरवा डबा आहे, तो तुम्ही पाहिलाच आहे. (मागे आला होतात तेव्हा तुम्हाला ती विहीर वाटली होती.) ती त्यात सालं, पालापाचोळा, कोंडा घालायची आणि काट्यानं खालीवर करायची. थंडीत सकाळी चहाच्या आधी बाहेर जाऊन त्या ढिगावर तळहात ठेवून यायची आणि तोच हात माझ्या मानेवर ठेवायची. म्हणायची, "बघा, पोटात ऊब आहे त्याच्या." हाताला कुजक्या कोबीचा वास यायचा. मी ओरडायचो, "अगं, हात तरी धू!" ताई, आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या वासाची मला इतकी आठवण येते की परवा मंडईत कोबीच्या टोपलीपाशी मी उगाच घुटमळत उभा होतो. शेवटी लाजेकाजेनं एक गड्डा घेऊन घरी आलो.

ती तिकडे गेल्यावर मी त्या डब्यात जे हाती येईल ते घालत गेलो. खत झालं नाही, लापशी झाली. काट्यानं ढवळायला गेलो तर कमरेत अशी उसण भरली की मी तिथेच मुळ्याच्या वाफ्यात मुळ्यासारखा उभा! तेव्हाच ठरवलं, आता स्टँडवरचा बंद ड्रम आणायचा. मूठ धरली, फिरवला, झालं. वाकणं नाही, खणणं नाही. किनुएचा उजवा खांदाही धड नाही. परत आल्यावर (म्हणजे जेव्हा केव्हा येईल तेव्हा, घाई अशी काही नाही) तिला काटा चालवावा लागू नये, एवढाच विचार.

आता इथे माझं जरा चुकलं. आपल्याकडची रीतच अशी की घरात सुतार येणार असेल तर ठोकाठोकीबद्दल शेजाऱ्यांची आधीच माफी मागून यायची. मी म्हटलं, ठोकाठोकीची मागतात, तर वासाची का नको? चांगला कोट चढवला, तांदळाच्या खुसखुशीत चकत्यांचे डबे घेतले आणि तिन्ही शेजाऱ्यांकडे वाकून आलो, "आमच्या ड्रममुळे आपल्याला त्रास होईल, सांभाळून घ्या." ड्रम कुठे होता? दुकानात! अजून निवडलाही नव्हता. पण लोकांनी चकत्या खाल्ल्या आणि त्रासाची वाट बघत बसले. वास काही येईना. त्या तिघांतल्याच काताओकाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "हिगुचीसान, आम्ही तुमच्या चकत्या खाऊन बसलोय आणि वासाचा पत्ता नाही. मनाला लागून राहिलंय हो!" आणि दुसऱ्याच दिवशी परतभेट आली. सुरेख जांभळ्या रुमालात गाठ मारून बांधलेली रताळ्याची सालं. हे कळताच बाकीची दोन घरं मागे राहतात होय? एकाकडून चहाचा चोथा आला, एकाकडून सोललेल्या बांबूच्या टोपलीत मक्याची कणसं, म्हणजे दाणे खाऊन उरलेली. परतभेट आली म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? रुमाल धुऊन इस्त्री करून परत द्यायचा, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात दोन पेअर घालायचे. की संध्याकाळी त्याच पेअरची सालं आपली घरी हजर! आता ओसरीत ओळीनं बादल्या उभ्या आहेत. वास सुटलाय. काताओकाबाईंचं मन शांत झालं.

खरं सांगायचं तर त्या सालांनी मी ओशाळलो. कारण माझ्या एकट्याच्या घरात सालच निघत नाही. मी टोफू खातो. टोफूला साल कुठून येणार? डब्यातली मासळी, भात, टोफू. ती असताना रोज टोपलीभर निघायचं, मुळा काय, गाजर काय, भोपळा काय. मागच्या आठवड्यात तर मी निव्वळ सोलण्यासाठी वाफ्यातला मुळा उपटला. सोलला, सालं बादलीत टाकली, आणि मग त्या उघड्यानागड्या मुळ्याचं करायचं काय हे मला कळेना. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत बसलो.

असो. तर बादल्या भरल्या म्हणून तातडीनं दुकान गाठलं. तिथे तीन प्रकार. पहिला भलामोठा चेंडू, जमिनीवर लोटायचा. बागकाम विभागाच्या कोनोबाईंनी (चष्मा गळ्यात, आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा) "लोटून बघा की!" म्हटलं, मी लोटला. तो जो सुटला तो ट्यूलिपच्या कांद्यांमधून वाट काढत थेट लोणच्याच्या बरण्यांपर्यंत. बरणी एकही फुटली नाही, पण सगळ्या दुकानानं माझ्या वतीनं माफी मागितली आणि मी सगळ्या दुकानाची. दुसरा एकाच पोटाचा लहान ड्रम, एकट्या माणसाला पुरेल असा. तो मी नीट पाहिलासुद्धा नाही. तिसरा दोन कप्प्यांचा. एका कप्प्यात रोजचं घालत जायचं, तोवर दुसऱ्यातलं मुरत राहतं. हाच घ्यायचा. पण त्यातही मूठ दोन तऱ्हेची, एक बाजूला खाली, एक वर कडेला. किनुएच्या खांद्याला कुठली सोसेल? ती माझ्या सदऱ्याच्या छातीवरच्या खिशाच्या शिवणीपर्यंत येते. म्हणून मी गुडघे वाकवून तिच्याएवढा झालो, उजवा खांदा तिच्यासारखा आखडून धरला आणि मूठ फिरवून बघितली. एकदा खालची, एकदा वरची. कोनोबाई धावत आल्या. "काका, पोटात कळ आली का? स्वच्छतागृह उजव्या हाताला आहे!" मी म्हटलं, "कळबिळ काही नाही, मी माझी बायको झालोय." त्यावर त्या भोंगा एकदम खाली करून म्हणाल्या, "त्यांनाच घेऊन या ना." मी "हो, हो, आणतो" म्हणालो आणि ट्यूलिपचे चार कांदे घेऊन घरी आलो. ड्रम अजून दुकानातच आहे.

तसं फोनवर तिलाच विचारता आलं असतं. दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, हो. पायमोजे सापडले का, हो. मग जरा थांबते आणि म्हणते, "मी कधी येऊ?" ताई, त्या वेळी माझ्या तोंडातून काय निघतं सांगू? "तुझं तिकडचं आटपलं की ये. माझी काही घाई नाही." दर रविवारी हेच. फोन ठेवला की मी स्वतःलाच म्हणतो, अरे गाढवा, घाई नाही काय? घाईनं जीव चाललाय! पण आमच्या घराण्यात कुणी बायकोला ये म्हणून बोलावलेलं नाही. वडील "सारात घालायचा मिसो संपला" म्हणायचे, त्यातून आईनं समजायचं. मी मिसो संपल्याचंही सांगून पाहिलं. तिनं टपालानं मिसो पाठवला.

असो. तुमच्याकडे पर्सिमनचा हंगाम आहे, हाताखाली माणूस हवंच. तिला सावकाश येऊ द्यावं. मी अगदी मजेत आहे. तब्येतीला जपा, आणि शिडीवर गाताना एक हात तरी फांदीला असू द्या.

आपला आज्ञाधारक,
हिगुची तोकुजी

ता. क. मूठ खालची की वरची, तेवढं तिला सहज बोलता बोलता विचारावं. मी विचारलंय हे कळू देऊ नये.

आणखी ता. क. मूठ राहू द्या. खरी विनंती वेगळीच आहे. तुम्ही दोघी बहिणी कधीच भांडत नाही, हेच माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ आहे. तर कृपा करून तिच्याशी एकदा भांडावं. फार नको, तिनं तणतणत बॅग भरावी इतपत. रडवू मात्र नका. तिला समजवायला मी तिथे नाही.

शेवटचं. भांडण कशावरून काढावं असा प्रश्न पडला तर माझ्यावरूनच काढा. मला मनसोक्त नावं ठेवा. तुसडा म्हणा, मठ्ठ म्हणा, "इतक्या महिन्यांत एकदा ये म्हणाला नाही मेला" असंही म्हणा, ते खरंच आहे. आणि ती काय बोलते ते बघा. माझी बाजू घेऊन तुमच्यावर उलटली, तर तशीच बोटीत बसवून द्या. नाही उलटली, गप्प राहिली, तर उत्तरात नुसतं हवापाण्याचं लिहा. मी समजून जाईन.