बुधाजीबाबांची खुंटी

जुन्नर, मंगळवार, १३ फेब्रुवारी १९९६

ती लाकडाची खुंटी काही डोळ्यांपुढून हलत नाही.

घाटघरला झऱ्यापासून गावापर्यंतचा पाइप मीच आखला. झरा उंचावर, गाव खाली, म्हणजे पाणी येणारच, एवढाच विचार केला. मध्ये पाइप एका टेकाडावरून जातो. गेल्या महिन्यात तिथे पाइपला भोक दिसलं, त्यात तासून बसवलेली खुंटी. बुधाजीबाबा ती रोज सकाळी काढतात असं कळलं, आणि मी त्यांना चारचौघांत पाणीचोर म्हणालो. सत्तरीच्या माणसाला!

"पानी न्हाई घेत साहेब, वारा सोडतो," एवढंच ते बोलले. मी हसलो. खुंटी भिरकावली आणि भोक बुजवून घेतलं.

पंधरा दिवसांत नळाची धार करंगळीएवढी झाली, मग तीही थांबली. बायका पुन्हा हंडे घेऊन झऱ्यावर.

आज टेकाडावर उभा राहिलो तेव्हा कळलं. पाण्याबरोबर आलेली हवा उंचवट्याला साठते आणि पाण्याची वाट अडवते. कॉलेजात शिकलो होतो की हे! त्याच जागी पुन्हा भोक पाडायला लावलं. बराच वेळ नुसती हवा फुसफुसली, मग पाणी उडालं.

बाबांनी बंडीच्या खिशातून खुंटी काढली. तीच, मी भिरकावलेली. "परत लागंल म्हनून ठिवली व्हती."

चुकलो, म्हणायचं होतं. सगळे बघत होते. तोंडातून निघालं, "घट्ट बसवा." तेही पुटपुटत.

पाणीचोर म्हणताना मात्र केवढा आवाज चढला होता माझा.