खंडेनवमीचं कुंकू आणि दोन काळी बटणं

पनवेल,
२९ ऑक्टोबर १९९३

चि. अविनाश यास,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तूर्त राखून ठेवते, कारण पुढे कळेल.

तुझ्या भाचीला, विनिताला, कारखान्याने चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. आगीच्या कंट्रोल रूममध्ये ती ज्या वायरलेस सेटवर बसते, त्याचं पॅनेल तुझ्या हातचं, हे तू गेल्या दिवाळीत सगळ्या नातेवाइकांना दोनदा ऐकवलंस. त्यावर आवाजाचं आणि चॅनेलचं अशी दोन काळी बटणं, जुळ्या भावंडांसारखी, एकमेकांना खेटून. एका हातात माइक आणि डोळे रजिस्टरवर, अशा माणसाने ती ओळखायची कशी, हा क्षुद्र प्रश्न तुझ्यातल्या कलावंताला पडला नसावा. म्हणून सेटवर बसणाऱ्या पोरींनीच चॅनेलच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. लाल दिसलं की हात लावायचा नाही.

खंडेनवमीला मॅनेजरसाहेबांनी सेटची पूजा केली आणि दोन्ही बटणांना कुंकू लावलं. वर दसरा होईपर्यंत पुसायचं नाही अशी ताकीद. त्याच संध्याकाळी गोदाम पेटलं. बंबावरच्या माणसाचा आवाज बारीक येत होता. विनिता तो वाढवायला गेली आणि फिरलं चॅनेल. कोणत्या गेटला जायचं ते बंबाला ऐकूच गेलं नाही, तो भलत्याच गेटला जाऊन उभा राहिला. माणसं वाचली, अर्धं गोदाम गेलं. आता ऑपरेटरचा निष्काळजीपणा म्हणून पोरीची नोकरी जाईल.

तुझी कुमुद मीठ आणि साखर वेगळ्या घाटाच्या बरण्यांत ठेवते. घरात एवढी अक्कल असून ऑफिसात का नेत नाहीस? दोष पॅनेलचा आहे, असं चौकशी समितीला लिही.

लोभ आहे, तो टिकेल असं वाग.
तुझी,
रमाताई


पुणे,
५ नोव्हेंबर १९९३

ती. रमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रातली बातमी वाचून वाईट वाटलं, भाषा वाचून लहानपण आठवलं. पण ताई, त्या पॅनेलला दिल्लीच्या प्रदर्शनात पारितोषिक आहे. बटणं वेगळी केली असती तर त्याचा तोल गेला असता. खाली इंग्रजीत नावं कोरली आहेत. बारीक असली तरी सुबक आहेत. वाचून हात लावला तर चूक होणं शक्य नाही. आणि कुंकवाचा विचार करून कोणी डिझाइन करत नसतं.

समितीला लिहिणं जमणार नाही. त्याच कारखान्याची आणखी सेटची ऑर्डर यायची आहे. सोबत ‘काळजीपूर्वक वापरा’ असे स्टिकर पाठवतो. विनिताला इथे ओळखीच्या ऑफिसात रिसेप्शनवर लावून देईन.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
अविनाश


पनवेल,
२२ नोव्हेंबर १९९३

चि. अविनाश,
आशीर्वाद, शिल्लक होते तेवढे.

भाऊबीजेला आला नाहीस, ते तुझ्याच हिताचं झालं.

चौकशी झाली. वापर किती सोपा आहे हे दाखवायला मॅनेजरसाहेब स्वतः सेटवर बसले. गेटवरच्या दिनानाथला बोलायला सांगितलं आणि आवाज वाढवायला बटण फिरवलं. सेट मुका. साहेबांनी आधी बॅटरीला दोष दिला, मग दिनानाथला. तेवढ्यात तोच धापा टाकत आला आणि आपण कवापासून बोलतोच हाय म्हणून सांगू लागला. तुझी सुबक नावं साहेबांच्या नाकासमोर होती.

मग समितीला एकाएकी दयाबुद्धी सुचली. चूक कोणाचीच नाही, सेटही उत्तम, विनिताने तशा कागदावर तेवढी सही करावी आणि सोमवारी कामावर यावं. विनिताने सांगितलं, साहेबांचा आणि माझा, दोघांचाही हात एकाच बटणावर कसा गेला ते लिहा, मग सही करते. त्यांनी ते लिहिलं नाही. तिला काढलं. मी तिला वेडी म्हणाले, आणि त्या दिवशी तिच्या ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या.

तुझे स्टिकर परत पाठवते आहे. रिसेप्शनवरची खुर्ची तिला नको. तिच्या जागी विचुंब्याची वेणू बसते. घरात कमावणारी एकटीच. मामाला विनिताचा निरोप एवढाच, की पुढचे सेट पाठवण्याआधी एक बटण चौकोनी कर, वेणूला न बघता कळेल असं.

तेवढं झालं की ये. लोभाचं मग बघू.
तुझी,
रमाताई