दिवसा लाकूड कोण घालणार

१४ सप्टेंबर

गावाहून लीवीचा, बायकोचा, फोन. घर तापवायची जुनी विटांची भट्टी शेवटी पाडली. आतून फुटलीच होती, धूर खोलीत यायचा. आता बिडाची शेगडी बसवायची, थंडीच्या आत. धुराडं साफ करायला आर्गो आला होता. गावातली सगळी धुराडी त्याच्याच हातची. तिनं त्याच्या कोटाच्या गुंडीला हात लावला — धुराडेवाल्याच्या गुंडीला हात लावला की नशीब उघडतं ना! हसत सांगत होती.

सगळेच लावतात. लहानपणी मीही लावायचो. पण तेव्हाचा धुराडेवाला साठीचा होता, दात पडलेला. आर्गो माझ्या वयाचा.

१६ सप्टेंबर

इथं कारखान्यात नऊ तास माशांची पोटं फाडली. डोक्यात गुंडी.

२१ सप्टेंबर

आर्गो म्हणतो, आर्गो म्हणतो. एका फोनमध्ये सात वेळा, बोटांवर मोजलं. आर्गो म्हणतो, चाळीस चौरस मीटरचं घर, छत बसकं, पाच किलोवॅटची शेगडी पुष्कळ. आर्गो म्हणतो, मोठी घेतली तर हवा कोंडून जाळावी लागते, मग शेगडीची काच काळी आणि धुराड्यात काजळी.

मी म्हटलं, नऊची घे.

"नऊची? मग जानेवारीत खिडक्या उघड्या टाकून बसायचं का?"

"माझ्या घरात किती ऊब हवी ते मी ठरवीन."

"तुझ्या घरात तू वर्षाचे पाच आठवडे असतोस, काउपो."

फोन तिनंच ठेवला.

खोली त्यानं मापली म्हणे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मापायच्या पट्टीला दोन टोकं असतात. दुसरं कोणी धरलं ते विचारायचं राहिलं.

२४ सप्टेंबर

माझ्या खोलीत म्हातारा वेल्लो असतो. तोही एस्टोनियाचा, आमच्याच जिल्ह्यातला. त्याला विचारलं, छोट्या घराला पाचची बिडाची कशी? कोणाचं नाव घेतलं नाही.

"दिवसा घरी कोण असतं?"

"कोणी नाही. बायको शाळेच्या स्वयंपाकघरात, सहा ते तीन."

"मग बिडाची कशाला? तासाभरात गार पडते ती. सारखं लाकूड घालायला माणूस लागतो घरात. एकट्या बाईनं दगडी घ्यावी, जड. सकाळी एकदा पेटवली की संध्याकाळपर्यंत कोमट." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "काय रे पोरा, काटा गिळलास की काय?"

घरात माणूस लागतो. जेवलो नाही.

२५ सप्टेंबर

आर्गोचं काम सकाळीच उरकतं. लोक चुली पेटवायच्या आत.

३० सप्टेंबर

मुकादमानं विचारलं, आणखी दोन हिवाळे राहतोस का? नॉर्वेचा हा किनारा कोणाला नकोच असतो, म्हणून सारखा मागं लागतो. एरवी मी टाळतो. आज म्हटलं, आण कागद. तिकडं लाकूड घालायला आहेच की कोणीतरी!

सही केली. छाती हलकी झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंतच.

२ ऑक्टोबर

शेवटी विचारून टाकलं. दिवसा लाकूड कोण घालणार?

लीवी म्हणाली, "हे असं फोनवर नको. उद्या लिहून पाठवते."

फोनवर न सांगण्यासारखं काय असतं ते मला कळतं. तेवढी शाळा शिकलोय.

३ ऑक्टोबर

तिनं लिहिलंय. आर्गोनं पहिल्याच दिवशी दगडी सुचवली होती, एकटीला तीच बरी म्हणून. हिनंच नको म्हटलं. गावच्या लाकूडगिरणीत माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय, डिसेंबरपासून, रात्रपाळीची. पक्कं होईपर्यंत बोलायचं नव्हतं. "दिवसा तू असशील की घरी. तूच घालशील."

सही करून तीन दिवस झाले.