उशिरा उठलेली रेघ

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी त्याला पाजताना तू मास्क काढत नाहीस, त्याने अजून तुझं हसू पाहिलेलं नाही, हे वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

माझं म्हणशील तर ये रे माझ्या मागल्या. तेच हातमोजे, त्याच नळ्या. आमच्या मुख्यबाई नाकात काडी घालतात आणि समोरचा शिंकला की त्यालाच रागावतात. या आठवड्यात त्यांनी जुना फ्रीझर रिकामा करायला लावला. तीन वर्षांपूर्वीच्या नमुन्यांत तुझी नळी सापडली, माझ्याच अक्षरातला आकडा असलेली. टाकवली नाही.

आठवतं ना, बाबांना भेटायला निघाली होतीस. त्यांची छाती आधीच अधू, म्हणून आधी तपासणी, मगच घर, असा हट्ट तूच धरलास. नमुना मी घेतला. डोळे पुसत म्हणालीस, यापेक्षा लहानपणी झिंज्या उपटायचीस ते बरं होतं.

आमचं मशीन चाळीस फेऱ्या करतं. विषाणू भरपूर असला की पडद्यावरची रेघ लवकर वर उठते. सदतिसाव्या फेरीनंतर उठली, तर तिला आम्ही उशिराची पाहुणी म्हणतो. तिला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी नवा नमुना घ्यायचा. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

तुझी रेघ अडतिसाव्या फेरीला उठली. तुझी गाडी संध्याकाळची होती, आणि बाबा चार दिवस दाराकडे डोळे लावून बसले होते. मी निगेटिव्ह लिहिलं.

तू घरी पोचल्यापासून बाराव्या दिवशी ते त्याच आजाराने गेले. ‘मी मास्क काढून त्यांना भरवलं, माझ्यामुळेच गेले,’ म्हणत तू रडत होतीस, आणि मी शहाण्यासारखी तुझी समजूत काढत होते. तेव्हापासून कुणाचीही रेघ उशिरा हलली की मला बाबांचा खोकला ऐकू येतो. मागे वळून बघायची भीती वाटते.

काल तुझी नळी पुन्हा मशीनवर लावली. रेघ उठली नाही तर तुला काही सांगावं लागणार नाही, अशी आशा होती. ती उठली, अडतिसाव्यालाच. म्हणून हे लिहितेय. तू विचारून गेली होतीस, बारके. खोटं मी सांगितलं. माझं तोंड बघू नकोस हवं तर. पण हे वाचून झालं की मास्क काढ आणि बाळाकडे बघून हस.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
ताई