सोंगातलं लुगडं

बाबा, आज वर्गात पुन्हा तुमचा पदर करून दाखवला. दंडारीच्या नाटकातला. मी मुलांना नाच वाचायला शिकवते हे ऐकून तुम्ही हसला असता, पण माझं पोट त्यावरच चालतं. त्या शास्त्राला चिन्हमीमांसा म्हणतात. हात वर गेला की तो नुसता हात नसतो, कशाची तरी खूण असतो. विरचना म्हणून दुसरं एक आहे, ते त्या खुणेची शिवण उसवत बसतं आणि आत पक्का अर्थ नव्हताच असं दाखवतं. मी हे सगळं कशासाठी शिकले ते कुणाला सांगितलं नाही. त्या दुपारी तुम्ही आईसाठी रडलात की नाही, एवढंच मला हवं होतं.

चांद्याकडच्या आपल्या गावात भाऊबीज झाली की मंडईची जत्रा भरायची आणि भर उन्हात दंडार उभी राहायची. बाईचं सोंग कायम तुमचं. त्यासाठी दरसाल गावातली एखादी सवाष्ण आपलं लुगडं द्यायची, आणि ज्या घरचं लुगडं नाचलं त्या घराला तो मान वाटायचा. त्या साली पावसाळा सरता सरता आई हिवतापानं गेली आणि लुगडं कुणीच दिलं नाही. वाईट कुणी बोललं नाही. एकीचं धुवायला पडलं होतं, एकीचं म्हणे फाटलं होतं. बायको गेलेल्या माणसाच्या अंगावर आपलं लुगडं कोण चढू देईल? शेवटी तुम्ही पेटीतून आईचं हिरवं लुगडं काढलंत. आत्या दारात आडवी उभी राहिली. "दादा, औंदा नोको नाचू. लोकं काय म्हनतीन?" तुम्ही चुलीपुढे आरसा टेकवून तोंडाला सफेदा लावत होतात. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाही. "मंग कोन नाचते? मले सांग." मग आत्यानंच तुमच्या निऱ्या घातल्या आणि घालता घालता रडली.

ढोलकी वाजते आहे. नवरा जंगलात लाकडं तोडायला निघालाय, तुम्ही त्याची बायको आहात आणि मी बायकांच्या पुढे मातीत बसले आहे. इथे दरवर्षी तुम्ही मनगटानं डोळे पुसता. या वेळी तुम्ही पदराचं टोक धरलंत, बोटावर त्याची घडी केलीत, आधी डावा डोळा टिपला, मग उजवा. लाकडं ओली असली की चुलीपाशी आई अगदी तसंच करायची. मग तुम्ही थांबलात. ढोलकीवाला तुमची वाट बघत वाजवत राहिला. गालावरून सफेदा ओघळला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. असं सोंग अख्ख्या झाडीपट्टीत कुणाचं झालं नाही, असं माझ्यामागची म्हातारी म्हणत होती.

परत येताना धानाच्या बांधावर मी विचारलं, "बाबा, तुमी खरंच रडले का?" तुम्ही म्हणालात, "सोंग होतं ते, बाई." एवढंच. पुन्हा तो विषय आपल्यात निघाला नाही, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी दूरच्या शहरात परीक्षा देत होते.

सोंग. आपल्याकडे नाटकातल्या बाईलाही सोंग म्हणतात आणि खोटेपणालाही. ते रडणं खोटं होतं म्हणालात, की ते त्या बाईचं रडणं होतं? की आई गेल्यापासून आमच्यापुढे कोरड्या डोळ्यांनी भात रांधत होतात, सोंग ते होतं? उत्तरासाठी मी आईच्या आठवणीकडे वळले, तर तिथेही तेच. "धूर आहे गं," म्हणून ती डोळे टिपायची, आणि आता वाटतं, दर खेपेला लाकडं खरंच ओली होती का? तुम्ही तिची नक्कल केलीत, तिनं कदाचित धुराचं निमित्त केलं. उसवत उसवत इतकी खोल गेले की आता तुम्हा दोघांपैकी कुणीच हाती लागत नाही. फार एकटं वाटतं, बाबा. हे शास्त्र शिकले नसते तर तुम्ही रडलात असं समजून गप्प बसले असते.

आज वर्गात पदराचं टोक बोटावर घेतलं, डावा डोळा टिपला, मग उजवा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तास संपल्यावर एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही खरंच रडलात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सोंग होतं ते, बाई." ती हसली आणि गेली. मी काय म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. आईच्या हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवते आहे. त्या पदराच्या टोकावर सफेद्याचा डाग अजून आहे, मी तो कधी धुऊ दिला नाही. तुमच्या त्या पदरावर मी आजवर पुष्कळ लिहिलं, लोकांनी ते वाखाणलंही. पण त्या दिवशी ऊन फार होतं आणि घामानंही सफेदा उतरतो, एवढं एक वाक्य मी कुठेच लिहिलं नाही.