पेपरवेट परत गेलं

द्वारका, मंगळवार, संध्याकाळ

समोरचे नवे फ्लॅट अजून रिकामे. खिडक्यांत नुसतं आकाश. पंख्याखाली माझ्या लेखाची पानं हलताहेत. त्यांच्यावरचं पोलादी वजन सकाळी नवरा घेऊन गेला. त्यानेच आखलेल्या आखूड नळीच्या बंदुकीचा, कार्बाइनचा, धक्का झेलणारा बफर तो, जड म्हणून टाकून दिलेला. नव्या, जोरकस गोळ्यांनी आतला गोळी भरणारा बोल्ट फार वेगाने मागेपुढे होतो, पुढची गोळी उचलायची राहते; जड बफर त्याचा वेग कमी करतो. आजच्या चाचणीतही बंदूक अडकली असती तर तिच्यावरचं त्याचं काम बंदच. इतके दिवस ते वजन माझ्या कागदांवर बघून त्याला काय वाटत असेल?

आत्ता त्याचा फोन आला.

"चालली?"

"बिल्कुल! एकदाही अडकली नाही. पण तुझं पेपरवेट गेलं, यार."

लेख आज पहिल्यांदाच उशिरा जाईल. पानं उडू दिली.